कोंबड्यांच्या शेडमधली खंडेनवमी

भिगवणहून एक गृहस्थ दर रविवारी आपल्या मुलीला माझ्याकडे नेमबाजी शिकायला घेऊन यायचे. मासळीचा धंदा, मोठा आवाज, सगळ्यांशी दोस्ती. एका रविवारी त्यांनी बायकोलाही आणलं. मुलगी पाणी प्यायला बाजूला गेली आणि ह्यांनी तिची एअर रायफल टेबलावरून उचलली, बायकोच्या छातीवर धरली आणि म्हणाले, "चल, हात वर!" बायको हसली. बसलेले दोघे-तिघे पालकही हसले. मी जाऊन आधी नळी टार्गेटच्या भिंतीकडे वळवली, मग रायफल त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना दार दाखवलं.

"अवो मॅडम, चेष्टा केली. आत काय न्हाय तिच्यात."

"असो नाहीतर नसो. सराव संपेपर्यंत गाडीत बसा."

"बायकोसमोर अपमान करताय व्हय माझा?"

"तुम्ही तिच्यावर बंदूक धरलीत, तेव्हा काय तिचा सत्कार चालला होता?"

ते गाडीत जाऊन बसले. पुढचा रविवार रुसण्यात गेला, मुलीला तिच्या मामाने आणून सोडलं. त्याच्या पुढच्या रविवारी मात्र स्वारी स्वतः हजर. जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे, हात पाठीशी बांधून, तोंडातून चकार शब्द नाही. मी त्यांना चहा दिला आणि विषय संपला.

मी गोड बोलणारी बाई नाही. माझी आई म्हणते, तुझ्या जिभेला हाड नाही. दिवसभर बारामतीत बँकेच्या काउंटरवर मी बऱ्यापैकी सभ्य असते, पण सकाळ-संध्याकाळ आणि रविवारी रेंजवर उभी राहिले की माझ्यात दुसरीच बाई येते. पालक आपसात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत. मुलांचे डोळे शाबूत राहिले की मला कुठल्याही नावाने हाक मारली तरी चालते.

आमची रेंज म्हणजे कोऱ्हाळे बुद्रुकच्या अलीकडचं, उसाच्या मधलं एक जुनं कोंबड्यांचं शेड. धंदा बंद पडल्यावर ते बरीच वर्षं ओस होतं. लांबी भरपूर, त्यामुळे दहा मीटरचं अंतर बसवायला काही त्रास पडला नाही. वासाने मात्र पहिलं वर्ष छळलं. पावसाळी हवा झाली की कितीही फिनेल ओता, कोंबड्या परत आल्यासारखं वाटायचं. शेडच्या टोकाला नुसती जाळी होती आणि जाळीपलीकडून उसात जायची पाऊलवाट. बायका डोक्यावर चारा घेऊन तिथून येत-जात. पहिला छर्रा उडवण्याआधी मी तिथे विटांची दुहेरी भिंत उभी केली. गावातले लोक बघायला यायचे आणि हसायचे. एवढ्याशा छर्ऱ्याला एवढी भिंत? मी म्हणायचे, तुमचा डोळा केवढा असतो ते आरशात बघून या.

टार्गेटच्या बाजूचं दार कायम कुलपात आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात. रायफल हातात नसेल तेव्हा तिचा बोल्ट उघडा आणि नळीतून आरपार एक भगव्या रंगाची प्लॅस्टिकची दोरी घातलेली, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही कळतं की आत काही नाही आणि काही जाऊही शकत नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. एकाची जरी रायफल हातात असली तरी पट्ट्यापुढे कुणी पाऊल टाकायचं नाही, मग टार्गेट फाटून खाली पडलं तरी. छर्रे शिशाचे, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाने दुसऱ्याच्या हातात रायफल देताना देणाऱ्याने उघडून बघायचं आणि घेणाऱ्यानेही उघडून बघायचं. समोर उभ्या माणसाने आत्ताच बघितलेलं असलं तरी. नवीन मुलं याला फार वैतागतात. "मॅडम, आत्ता तर तिनं बघितलं ना!" तिनं बघितलं, तू बघितलंस का?

हे वेड मला कॉलेजात असताना लागलं. मी एनसीसीतून नेमबाजीत आले आणि दुसऱ्या गावातल्या एका रेंजवर शिकायला जायचे. तिथे माझी एक मैत्रीण टार्गेट बदलायला पुढे गेली आणि मागे कुणीतरी टेबलावरची रायफल नुसती बाजूला सरकवली. ती भरलेली होती. छर्रा लोखंडी पेटीवर आपटून परत आला आणि मैत्रिणीच्या डोळ्याच्या खाली, हाडावर बसला. डोळा वाचला. ती पुन्हा कधी रेंजवर आली नाही. आमच्या सगळ्यांत चांगला हात तिचा होता. ज्याने रायफल सरकवली तो रडून रडून एकच सांगत होता की मला वाटलं आत काही नाही. त्याचं ते वाटणं मला अजून ऐकू येतं आणि अजून राग येतो.

शेड ज्यांचं, त्यांना सगळी तात्या म्हणतात. मीही तात्याच म्हणते. ऊस, दोन ट्रॅक्टर, साखर कारखान्याचे जुने सभासद, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांची नात माझ्याकडे शिकते आणि आमच्या सगळ्या मुलामुलींत तिचा हात सर्वांत स्थिर आहे. तिच्यासाठीच त्यांनी शेड दिलं आणि मी भाड्याचा विषय काढला तेव्हा मला झापलं होतं. तात्यांकडे वडिलांपासून चालत आलेली एक बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, परवान्याची. उसात रानडुकरं शिरतात म्हणून. माणूस बेफिकीर मुळीच नाही. काडतुसं वेगळ्या कपाटात, बंदूक वेगळ्या, हे मी स्वतः बघितलेलं.

एके वर्षी नवरात्राच्या सुरुवातीला तात्या शेडवर आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "औंदा खंडेनवमी हितंच करायची. पोरांच्या समद्या बंदुका मांडू, मधी माझी ठिवू. एवढा खेळ चाललाय, आशीर्वाद नको का?"

आमच्या भागात दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा करतात. तलवार आता कुणाकडे असते? मग कुऱ्हाड, कोयता, ट्रॅक्टर, पाना-पक्कड, ज्याच्यावर घर चालतं ते सगळं पूजेत येतं. मुलांना तर आनंदच झाला असता. मी म्हटलं, "करू या की तात्या. फक्त आपल्या नेहमीच्या रीतीनं. बोल्ट उघडे, दोऱ्या घातलेल्या, नळ्या भिंतीकडे. आणि तुमची बंदूक आली की आधी उघडून बघायची."

"कोण बघनार?"

"उघडणार तुम्ही. बघणार मी."

तात्यांचा चेहरा उतरला नाही, चढला. "माझ्या बापापासनं ती बंदूक घरात हाय. आजपातुर कुणाला खरचटलं न्हाय. आन् सणाच्या दिशी चार मानसांत तू माझी झडती घेनार?"

"तुमची नाही तात्या, बंदुकीची."

"एकच हाय ते."

त्यांच्यापुरतं ते खरंच होतं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि मागे वळून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्यात खंडेनवमी न्हाय, बाई. तुला त्यातलं म्हाईत न्हाय. चुकी तुझी न्हाय."

ते ओरडले असते तर परवडलं असतं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून दसरा म्हणजे आमच्या घरी धम्माचा दिवस. पांढरी साडी नेसून आमच्या गावी, कळंबला, विहारात जायचं, वंदना घ्यायची, दुपारी सगळ्यांबरोबर जेवायचं. आमच्यात खंडेनवमी नाही हे खरं. पण लहानपणापासून मी मैत्रिणींच्या घरचे ट्रॅक्टर धुऊ लागलेली आहे, त्यांना हार करून दिलेले आहेत. मला कुणाच्या पूजेचं वावडं नव्हतं आणि नाही. मी काडतुसाबद्दल बोलत होते आणि बोलणं माझ्या जातकुळीवर जाऊन थांबलं, याचं मला फार लागलं. घरी जाऊन मी कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून रडले, आणि मग रडल्याचाच राग आला.

दोन दिवसांत पालकांच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. मॅडमचा पूजेला विरोध आहे म्हणे. बातमी कळंबला पोचायला काय वेळ लागतो? आईचा फोन आला.

"काय केलंस गं आता?"

"काही केलं नाही. बंदूक उघडून दाखवा म्हटलं."

"जागा त्यांची हाय. एक दीस गप बसलीस तर काय जीभ झडंल का तुझी?"

"आई, ती भरलेली असली तर?"

"त्यो मानूस न्हाय म्हनतोय न्हवं?"

"ते त्यांना वाटतंय. बंदुकीत काय आहे ते बंदूक उघडल्यावर कळतं."

आई हळू आवाजात म्हणाली, "लोकं म्हनतील, ही त्यांच्यातली न्हाय म्हनून आडवी आली."

"म्हणू दे."

"आन् जागा गेली तर? पोरी कुठं जातील?"

"दुसरी बघीन," मी ठसक्यात सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र मी स्वतःलाच विचारलं, दुसरी जागा कुठली? दिवाळीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. शेड गेलं असतं तर इंदापूरच्या, भिगवणच्या, बारामतीच्या माझ्या सगळ्या पोरापोरींचा सराव त्याच दिवशी संपला असता आणि त्यांतल्या निम्म्या मुलींना घरचे पुन्हा कुठे पाठवणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच पोरींना रोज सांगायचं की कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, आणि मोठा माणूस आला की आपणच मान खाली घालायची? मग मी त्यांना शिकवत होते तरी काय?

मी ग्रुपवर लिहिलं. पूजा होणार. पूजेला येणारं प्रत्येक शस्त्र सगळ्यांसमोर उघडून बघितलं जाईल, पहिलं माझं. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी शस्त्र घरी पूजावं, स्वतः मात्र जरूर यावं. तात्यांकडून काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला नात आली आणि बुटांकडे बघत म्हणाली, "मॅडम, आजोबा येणार आहेत. बंदूक घेऊनच येणार आहेत."

खंडेनवमीला सकाळी मुलींनी शेड धुतलं, पिवळ्या पट्ट्याच्या कडेने रांगोळी काढली, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. टेबलावर रायफली ओळीने मांडल्या, सगळ्यांच्या नळ्या विटांच्या भिंतीकडे आणि प्रत्येक नळीतून ती दोरी बाहेर. एक आई म्हणाली, "मॅडम, फोटोत ह्या दोऱ्या कशा दिसतील? फोटोपुरत्या काढू या?" मी नाही म्हटल्यावर तिने बिचारीने दोऱ्यांना झेंडूच्या पाकळ्या चिकटवायचा प्रयत्न केला. देवीचा फोटो मी मुद्दाम बाजूच्या भिंतीशी पाटावर ठेवला होता, म्हणजे कुठलीही नळी ना देवीकडे, ना माणसांकडे. सगळे जमल्यावर मी माझी रायफल उचलली, उघडून दाखवली, भिगवणकरांना पुढे बोलावून बघायला लावलं आणि ठेवली. मग एकेका मुलाने आपापली दाखवली.

तेवढ्यात तात्या आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात लाल कापडात गुंडाळलेली बंदूक. मागून काकी, म्हणजे त्यांची बायको, आरतीचं ताट घेऊन. तात्या माझ्याकडे न बघता सरळ आत आले. देवीचा फोटो बाजूला बघून त्यांना ते पटलं नाही. त्यांनी बंदूक टेबलावर टेकवली, फोटो उचलून टेबलाच्या पलीकडे मधोमध ठेवला, कारण पूजा समोरून व्हायला हवी. मग कापड सोडून बंदूक मांडली. देवीकडे दस्ता आणि आमच्याकडे तोंड. त्या तोंडासमोर मुलं हात जोडून रांगेत उभी होती आणि रांगेत पहिली त्यांचीच नात.

"सगळी मुलं बाजूच्या भिंतीशी," मी म्हटलं. "लगेच." माझी मुलं बाकी काही ऐकत नसली तरी तो आवाज ऐकतात. रांग सरकली. पालकही मागोमाग सरकले. मग मी म्हटलं, "तात्या, थांबा. आधी उघडा."

"रातीच मोकळी करून ठिवलीया म्या. काडतुसं कपाटात घातली, ह्या हातानं." त्यांनी उजवा तळहात सगळ्यांना दाखवला.

"माझी तुमच्यावर शंका नाही. उघडा."

"शंका न्हाय तर उघडू कशापायी?"

कुणीतरी मागून म्हणालं, "जाऊ द्या ना मॅडम, सणाचा दिवस." भिगवणकरांनी मध्ये पडून बघितलं. "तात्या, दावा की उघडून. मला तर ह्या बाईनं गाडीत बसवलं हुतं." दोन माणसं हसली. तात्या हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"नगं ही पूजा," ते म्हणाले. "आन् बाई, दिवाळीपातुर जागा खाली कर."

ज्याची मला भीती होती ते सगळ्यांसमोर बोलून झालं होतं. गंमत म्हणजे त्यानंतर मला भीती वाटली नाही. मी गळ्यातली किल्ली काढली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. "शेड आजच घ्या. पण बंदूक उचलायची नाही. तिथंच, टेबलावर उघडायची, मग न्यायची." राग आला की माझी भाषा थेट कळंबला जाते. पुढचं वाक्य तसंच आलं. "मी मेले तरी चालंल, पर ही बंदूक अशी उचलू द्येनार न्हाय मी."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. बोटं दस्त्याच्या मानेपाशी गेली, चापाच्या अगदी जवळ.

"हात लावू नगा," काकी म्हणाल्या.

त्या कधी मोठ्याने बोलत नाहीत. तेव्हाही मोठ्याने बोलल्या नाहीत. तात्यांचा हात जागच्या जागी राहिला.

"रिकामी न्हाय ती," काकी म्हणाल्या. "सकाळी म्या घातलंय आत. एक."

मी तात्यांचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. भिगवणकरांना म्हटलं, सगळ्यांना बाहेर अंगणात न्या, दारासमोर कुणी थांबायचं नाही. त्यांनी या वेळी एक शब्दही न विचारता मुलं बाहेर काढली. शेडमध्ये आम्ही तिघंच राहिलो. मी देवीचा फोटो काढून परत बाजूच्या भिंतीशी ठेवला. मग दस्त्याखाली हात घालून, बोटं चापापासून लांब ठेवून, बंदूक विटांच्या भिंतीकडे वळवली आणि तात्यांना म्हटलं, "आता उघडा. तुमची आहे, तुम्हीच उघडा."

त्यांनी खटका दाबला. नळ्या खाली झुकल्या. उजव्या नळीत काडतुसाचं पितळी बूड दिसलं आणि त्याच्यावर हळदीकुंकवाचं बोट. तात्यांनी ते काढून तळहातावर घेतलं. डुकरासाठीचं, मोठ्या छर्ऱ्यांचं होतं.

"सणाच्या दिशी रिकामं काय पुजत्यात का?" काकी म्हणाल्या. त्या आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हत्या. "सासूबाई घालायच्या. त्या गेल्या, मग मी घालाया लागले. पूजा झाली का काडून परत कपाटात ठिवते. तुमाला कधी सांगितलं न्हाय. तुमी वरडला असता."

मी काकींवर चिडायला हवं होतं, पण मला चिडता येईना. आपल्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. शेजारणीचं भांडं परत देताना त्यात चिमूटभर साखर तरी घालतात. ओटी भरतात, सूप भरतात, सणाला कणग्यांत मूठभर धान्य तरी टाकतात. ज्या बाईने आयुष्यभर घरातलं काहीच रिकामं राहू दिलं नाही, तिने बंदूक तरी कशी राहू द्यावी? आणि तात्या खोटं बोलत नव्हते. त्यांनी रात्री स्वतःच्या हाताने बंदूक मोकळी केली होती, दर वर्षी करत होते. एकाने काळजीने रिकामी केली आणि दुसरीने श्रद्धेने भरली, आणि एकमेकांना विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चांगल्या माणसांच्या घरात हे असं होऊ शकतं, म्हणून मी एवढी कडक आहे. वाईट माणसांची मला तेवढी धास्ती नाही.

"दर वरसाला?" तात्यांनी विचारलं.

"दर वरसाला."

तात्या मागे सरकून खुर्चीत बसले. उघड्या दारातून अंगण दिसत होतं. नात मैत्रिणींबरोबर लिंबाखाली उभी होती आणि आत बघायचा प्रयत्न करत होती.

"हिच्या पयल्या दसऱ्याला," तात्या म्हणाले आणि थांबले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पूजा चालू हुती. हिला मांडीवर घेतलं हुतं म्या. हिचं बोट धरून चापावर ठिवलं हुतं. फोटोसाठी. हिची आई समोर बसून हसत हुती."

काकींनी ताट टेबलावर टेकवलं आणि टेबलाची कड धरली. बाहेर मुलांचा गलका चालू होता. मला या दोघांची फार, फार कणव आली. तात्यांच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. पण मी ठेवला नाही. बंदूक अजून टेबलावर होती.

"तात्या," मी म्हटलं, "उठा. परत बघा. दोन्ही नळ्या."

ते उठले. आधी त्यांनी करंगळी उजव्या नळीत घातली, मग डावीत. वाकून आरपार बघितलं. काडतूस त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मी ते छर्ऱ्यांच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. कोपऱ्यावरची किल्ली त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी ती गळ्यात घातली. जागेचा विषय तिथेच मिटला, आजतागायत कुणी काढलेला नाही.

"मग आता रिकामीच पुजायची का?" काकींनी विचारलं. त्या मला विचारत होत्या.

"रिकामीच, काकी. आणि अशीच उघडी."

मी बाहेर जाऊन सगळ्यांना आत बोलावलं. काय झालं ते मी सांगायच्या आधी तात्यांनीच सांगितलं, उभं राहून, काहीही न लपवता. काकींचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. आमच्या घरात चूक झाली, एवढंच म्हणाले. भिगवणकरांची बायको आपल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ऐकत होती. मघाशी मागून जाऊ द्या म्हणणारं कोण होतं ते मी बघितलं नाही.

मग तात्यांनी नातीला हाक मारली. "ये हिकडं. बोट घालून बघ आत."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. ती टेबलाला वळसा घालून दस्त्याच्या बाजूने आली, शिकवलंय तशी.

"आजोबा, तुम्ही आत्ताच बघितलं ना?"

"बघितलं. म्या सांगतोय म्हनून खरं धरू नगं. आजपातुर तेच झालं."

तिने दोन्ही नळ्या बघितल्या, बोट घालून, सावकाश. काही नाही म्हणाली. तात्यांनी मान डोलावली आणि काकींकडे वळले.

"आता तू," ते म्हणाले.

काकींनी आयुष्यात कधी कुणाच्या देखत त्या बंदुकीला हात लावला नव्हता. त्यांनी पदराला हात पुसले आणि पुढे झाल्या.